आवाज नसलेली गाडी

४ जानेवारी

"गाडीत माणूस खरं बोलतंय, कारण तोंडाकडं बघावं लागत न्हाई."

माझं लग्न ठरलं त्या आठवड्यात आप्पा हे म्हणाले होते. नांदेडच्या घरी, ओट्यावर बसून, पायातले बूट काढता काढता. आप्पा एसटीत ड्रायव्हर. नांदेड-देगलूर गाडीवर त्यांचा जन्म गेला. मागच्या सीटांवरच्या सोयरिकी, भांडणं, रडारड सगळं त्यांनी पाठीनं ऐकलेलं. "महादेवी, जावयासंग कधी बिनसलं तर घरात धुसफुसत बसू नको," म्हणाले. "गाडीत बस त्याच्या बाजूला. सगळं निघतं."

आज ते आठवलं, कारण जेवताना मल्लिनाथ म्हणाले, "यंदा तुरीचं बरं हाय. पाडव्याला गाडी घेऊ. मोठी, सात सीटची." (वहीत मी यांचं नाव लिहिते. तोंडानं अजून घेतलेलं नाही.)

आमची जीप सासऱ्यांच्या वेळची. ती सुरू झाली की दारं, काचा, टप, सगळं एकदम खडखडतं. आमची डाळ मिलच सोबत घेऊन निघाल्यासारखं वाटतं. मी लगेच म्हणाले, "माझी एकच अट. आतमध्ये आवाज नको."

"आवाजाचं काय येवढं?"

"बोलता आलं पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि भाकरी मागितली.

घरात आम्ही चौघं. मल्लिनाथ, मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई नागम्मा, आणि कॉलेजात जाणारी शिवानी. सात सीट कशाला? तर आत्याबाईंना पाय लांब करायचे असतात, लग्नसराईत नणंदांची पोरं असतात. मी मात्र एक सीट मनातल्या मनात अव्वाच्या, माझ्या आईच्या, नावानं धरून ठेवली आहे.

७ जानेवारी

अव्वाची गोष्ट इथं लिहूनच टाकते.

आप्पा गेल्यापासून अव्वा नांदेडला एकटी राहते. भाऊ हैदराबादला. उमाशंकर म्हणतो, पाडव्यानंतर घर बंद करू, अव्वाला इकडं आणतो. अव्वाला जायचं नाही. "ते लिफ्टमदी जीव गुदमरतो माझा," म्हणते. मी म्हणाले, माझ्याकडं ये. तर म्हणाली, "लेकीच्या घरी ऱ्हायचं नसतं. आन् जावयाच्या मनात काय हाय ते तू इचारलीस का?"

विचारलं होतं. दिवाळीत नांदेडहून परत येताना, अहमदपूरच्या पुढं. आत्याबाई आणि शिवानी मागं झोपल्या होत्या. आप्पांचं ऐकून मी समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "अव्वाला आपल्याकडं आणावं म्हणते मी. तुमचं काय मत?"

हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. चाकूर आल्यावर म्हणाले, "चहा घ्यायचा का?"

इतक्या थंडपणे नाही म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. चहा घेतला.

नंतर मी समजूत घातली की जीपच्या आवाजात बोलणं पुरतं पोचलं नसेल. पण ही समजूतच. नांदेडहून येताना मी दरवेळी काहीबाही बोलते आणि ते दरवेळी रस्त्याकडं बघतात. घरी तरी बोलतात. समोर बसले की हसतात, चिडवतात. गाडीत बसलं की मात्र दगड. आप्पांच्या हिशेबानं मग खरा माणूस कुठला?

१८ जानेवारी

पहिली गाडी पाहिली. पांढरी, लांबुळकी. शोरूममधली मुलगी धम्मप्रिया आमच्या शाळेचीच निघाली. मी तिला भूगोल शिकवला होता. "मॅडम, तुम्ही नकाशा भरायला लावायचा, अजून हात दुखतो," म्हणाली. अशी हजरजबाबी.

चक्कर मारायला औशाच्या रस्त्यानं गेलो. मी माझी परीक्षा ठरवून गेले होते. सगळ्यात मागच्या सीटवर बसायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. मी मागून म्हणाले, "आत्याबाई, कसं वाटतंय?"

मधल्या सीटवरून आत्याबाई म्हणाल्या, "आं? काय म्हणून राहिलीस?"

नापास.

घरी आल्यावर मल्लिनाथना विचारलं, "आवाज होता ना बराच?"

"न्हाई की. शांत हाय गाडी."

"शांत? खालून सगळी खडी ऐकू येत होती."

"तुला खोडीच काढायची असती."

२५ जानेवारी

हे डबा विसरले म्हणून तो घेऊन मी मिलवर गेले. तुरीचे दिवस, सगळी यंत्रं चालू. आत पाय ठेवला की छातीत धडधडतं. तिथं कुणी बोलत नाही, हातांनीच सगळं चालतं. मूठ म्हणजे थांबव. दोन बोटं चोळली म्हणजे डाळ ओलसर आहे. फाटकाशी ट्रक आला तर तळवा छातीकडे दोनदा ओढायचा, म्हणजे आत घ्या. लहानपणी सासऱ्यांबरोबर यायला लागल्यापासून मल्लिनाथ ही भाषा बोलतात.

मी दारात उभी राहिले. हे आणि व्यंकटी, म्हणजे आमचा जुना मिस्त्री, हातांनी कसलीतरी चेष्टा करत होते. व्यंकटीनं पोट धरलं, हे डोळे पुसून हसले. किती बोलतात इथं! एवढ्या गोंगाटात. आणि मी आवाज नसलेली गाडी शोधत फिरते.

मला व्यंकटीचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

१ फेब्रुवारी

दुसरी गाडी, राखाडी. पहिलीपेक्षा बरी, पण काचेतून वारा शिट्टी घालतो. बारीक, सतत. शिवानी म्हणाली, "पप्पा, कानात डास शिरल्यासारखं होतंय." आत्याबाईंनी कानावर पदर घेतला.

मल्लिनाथ म्हणाले, "कसली शिट्टी? मस्त हाय की. हीच घेऊ."

आता मला कळून चुकलं आहे की त्यांना या खरेदीत रस नाही. माझी अट त्यांना बायकी लाड वाटतो. कुठलीही दाखवा, शांतच आहे. शिवानी म्हणते, "मम्मी, पप्पांचं लक्षच नसतं. फोनसुद्धा स्पीकरवर लावून बोलतात, अख्ख्या गल्लीला तुरीचा भाव कळतो."

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. दर्शनाला गर्दी मरणाची. परतताना एक म्हातारे आडत व्यापारी भेटले. त्यांनी कानात मशीन बसवून घेतलंय, नवं आहे. मल्लिनाथ मोठ्यांदा म्हणाले, "अण्णा, रेडूवर स्टेशन लागलं का?" सगळे हसले. अण्णाही हसले, पण त्यांनी टोपी जरा कानावर ओढली.

मी घरी म्हणाले, "कशाला म्हाताऱ्याची चेष्टा करता?"

"बाजारात सगळेच रेडू म्हणतेत त्याला. सौद्याच्या वक्ताला लोक मुद्दाम हळू बोलतेत. मानूस संपला म्हणायचा तो."

असं बोलताना हसत नव्हते.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहिते.

तिसरी गाडी, निळी. धम्मप्रिया म्हणाली, "मॅडम, ही मुकी गाडी आहे. तुम्ही आपली लांब चक्कर मारा." रविवार होता. नांदेडला अव्वाकडे जाऊन यायचं ठरलं. धम्मप्रिया पुढं मल्लिनाथच्या शेजारी, आत्याबाई आणि मी मधल्या सीटवर. शिवानीची परीक्षा, ती घरीच.

खरंच मुकी गाडी. चाकूर गेलं, अहमदपूर आलं, आत्याबाईंच्या हातातली रुद्राक्षाची माळ वाजत होती तेवढी ऐकू येत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आता काही सबब नाही. दिवाळीत विचारलं होतं त्याच रस्त्यावर मी म्हणाले, "अहो, अव्वाला आपल्याकडं आणायचं म्हणते मी. कायमचं."

आत्याबाईंची माळ थांबली. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. धम्मप्रियानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. आणि मल्लिनाथ? मल्लिनाथ समोर बघत होते. बोटं स्टिअरिंगवर. जरा वेळानं गुणगुणायला लागले.

परक्या मुलीसमोर. माझ्या विद्यार्थिनीसमोर.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "गाडीत इचारतेत का असलं?" म्हणजे त्यांनाही नको.

नांदेडला अव्वाच्या गल्लीत गाडी मागं घ्यायची होती. मागं काही आडवं आलं की वाजणारं यंत्र आहे या गाडीत. ते वाजायला लागलं. आधी थांबून थांबून, मग सलग. मी ओरडले, धम्मप्रिया ओरडली, "सर! सर!" हे मागं घेतच राहिले. अव्वाच्या दारातल्या पाण्याच्या टाकीला धडक बसली तेव्हा थांबले.

"सर, सेन्सर वाजत होता की!"

"वाजत नव्हता. तुमचा सेन्सर खराब हाय."

वाजत होता. मी ऐकला. अव्वा दारात उभी होती, म्हणाली, "मी बी ऐकला." मल्लिनाथचा चेहरा पांढराफटक झाला होता. मला वाटलं, माझ्या प्रश्नाच्या रागात गाडी हाकत होते, म्हणून. गाडीच्या मागं अव्वा टाकीपासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्यांनी आधी गाडी पाहिली नाही. अव्वाकडे गेले, तिचे हात हातात घेतले, "लागलं न्हाई न?" असं तीनतीनदा विचारलं. ज्या बाईला घरात घ्यायचं नाही तिचे हात असे धरतात का?

परतताना गाडी फारच शांत होती.

२४ फेब्रुवारी

अबोला. माझ्याकडून. त्यांना तो कळलाय की नाही ते कळत नाही.

१ मार्च

सकाळी डाळीचा कुकर लावून मी अंगणात गेले. मल्लिनाथ स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते. सांगून गेले होते, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मला अंगणात शिट्ट्या ऐकू येत होत्या. मोजायच्या सोडल्या, पळत आत आले. हे कुकरपासून हातभर अंतरावर. पेपर वाचत होते. शांत.

"अहो, शिट्ट्या!" मी मागून म्हणाले.

पान उलटलं.

मी तशीच उभी राहिले. काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांच्या पाठीमागून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी घर सोडून चालले."

दुसरं पान.

मग समोर गेले. त्यांनी वर पाहिलं, हसले. मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. चहा घेता का?

"घेतो की."

चहाची वेळच होती, अंदाजानं म्हणाले असतील. पुन्हा ओठ हलवले. जीप विकायची की ठेवायची?

"इकायची. कोन ठेवतंय ते धूड?"

मी चहाचं आधण ठेवायला वळले. पाठ करूनच उभी राहिले, बराच वेळ. माझा चेहरा त्यांना दिसला असता तर त्यांनी वाचला असता.

२ मार्च

झोप नाही. एकेक दिवस मागं जाऊन बघते आहे. अहमदपूरचा पुढचा रस्ता. मागच्या वर्षी उदगीरहून येताना शिवानीबद्दल बोलले होते, उत्तर नाही, आठवडाभर रुसले होते. माझ्या बहिणीसारख्या मैत्रिणीच्या आजारपणाचं सांगून रडले होते, त्यांनी गाडीचा वेग वाढवला होता. मी केवढी मोठी यादी केली होती यांच्या नकारांची. त्यातले नकार किती?

मिलमध्ये कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून यांना ऐकू येत नाही हे कुणाला कळलंच नाही. घरी समोरासमोर असतात. व्यंकटीचा आवाज जाड, तो पोचत असेल. माझा बारीक. गाडीत मात्र ते रस्त्याकडे बघणार आणि मी, आप्पांची लेक, तोंडाकडं न बघता बोलणार.

त्यांना हे माहीत आहे का? "स्टेशन लागलं का" म्हणताना माहीत होतं का? होतं, असं मला वाटतं.

५ मार्च

आज विचारलं. जेवणानंतर शिवानी अभ्यासाला गेली. मी दिवा लावला, त्यांच्या समोर पाटावर बसले. म्हणाले, "अव्वाला आपल्याकडं आणू का? कायमचं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. किती लक्ष देऊन बघतात ते आजवर मला प्रेम वाटायचं. तेही असेल.

"मंग आन की," म्हणाले. "हाव, आन. इतके दिवस का बोलली न्हाईस?"

"बोलले होते" हे ओठांवर आलं आणि मी ओठ मिटून घेतले.

माझं तोंड बघून त्यांना वाटलं मला विश्वास बसत नाही. त्यांनी उजवा हात वर केला आणि तळवा छातीकडे ओढला. एकदा. परत एकदा.

मला हुंदका आला. ते घाबरले. "आता काय झालं? रडून का राहिलीस?"

आतून आत्याबाई ओरडल्या, "येऊ दे की तिला! कन्नड बोलाया घरात कोन हाय मला? तुमी दोघं मराठीत भांडता, मी काय टीव्हीसंग बोलू?"

म्हणजे त्यांनाही नकोसं नव्हतंच. गाडीत का विचारतेस, एवढंच म्हणाल्या होत्या.

९ मार्च

अव्वा म्हणते, "चार दिसासाठी येते." चार दिवसांच्या चोळ्या घेऊन ये म्हणाले, बाकीचं कपाट मी आणते.

दुपारी आत्याबाईंच्या पायाला तेल लावत होते. सहज विचारल्यासारखं केलं, "यांना जरा कमी ऐकू येतं का हो?"

त्यांनी डोळे मिटले. "त्याच्या बा ला बी असंच झालं होतं. मिल कान खाती, महादेवी. मी लई म्हनले, दाखवा, दाखवा. त्यानं मरेस्तोवर दाखवलं न्हाई. लेकाचं मी येवढ्यात वळखलं. पर इचारायचं धाडस झालं न्हाई. बा सारखाच खवळतो."

"आत्याबाई, गाडी चालवतात ते."

"मग? तुला काय वाटलं, गाडीत बसल्यावर मी माळ कशापायी वढते?"

१४ मार्च

धम्मप्रियाचा फोन, "मॅडम, कुठली फायनल?"

पांढरी, राखाडी, निळी. मल्लिनाथ म्हणाले, "निळी घे. तुला शांत पाहिजे न? तिनं फोडलेली टाकी तेवढी आपन भरून देऊ." म्हणजे अव्वाच्या दारातली. ती कधीच बदलून दिली होती, तरी रोज आठवण काढतात. "आन् तुझ्या आईला मागच्या सीटवर चढवू नको. गुडघं हायेत. मधली सीट तिची, माझी अम्मा खिडकीला." सगळं ठरवून बसले आहेत, कोण कुठं. एवढा विचार केलेला माणूस रस घेत नाही असं मी याच वहीत लिहिलं आहे. खोडणार नाही. असू दे.

निळी घेतली. शांततेचा मला काय उपयोग आहे ते आता कळत नाही. आत्याबाई आणि अव्वा कन्नडमध्ये बोलतील, ते नीट ऐकू येईल. पुढं मात्र सेन्सर वाजेल, मागून ट्रकचा हॉर्न वाजेल, आणि दोन म्हाताऱ्या मधल्या सीटवर असतील.

मला अव्वा घरात हवी होती. ती येते आहे. पण तिला आणायला जी गाडी जाणार, ती हाकणाऱ्याला तिची हाक ऐकू जाणार नाही, हे माहीत असून मी मागच्या दाराशी उभी राहून कसं म्हणू, बस अव्वा?

१८ मार्च

उद्या पाडवा. गाडी सकाळी आणायची, हार आणून ठेवलाय, आत्याबाईंनी विभूती काढून ठेवली आहे. पूजा झाली की तडक नांदेड.

दुपारी चौकशी करून आले. कानाचे डॉक्टर आज संध्याकाळी बसतात. कुणी ओळखीचं नको म्हणून बाजारापासून लांबचा दवाखाना शोधला. व्यंकटीला सांगून ठेवलंय, मिल तो बघेल. का, ते सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. नुसती मूठ वर केली आणि हसला. यंत्रं बंद करतो, जा.

हे नाहीच म्हणणार. माहीत आहे मला. आधी हसतील. "मला काय धाड भरली?" म्हणतील. मग सेन्सर खराब होता म्हणतील. मग खवळतील, की बाजारात मला रेडू म्हणवून घ्यायचं का, माझा सौदा बुडवायचा का? मग वडिलांसारखे उठून जातील आणि पाठ वळली की माझं बोलणं संपलं. पाठीला माझा आवाज पोचत नाही.

म्हणून गाडीत नाही विचारणार. आप्पा, तुमचं चुकलं असं नाही. तुम्हाला ऐकू येत होतं.

आता मिलवरून येतील. पाय धुतील, समोर बसतील. मी दिवा लावीन, तोंड त्यांच्याकडे करीन, सावकाश बोलीन. तरी कळलं नाही असं दाखवलं तर हात वर करीन आणि तळवा माझ्या छातीकडे ओढीन, दोनदा. ही खूण त्यांनीच शिकवली. शब्द आत्ताच ठरवते, ऐन वेळी अडखळायला नको.

अहो, उद्या गाडी आणायच्या आधी आज माझ्यासोबत चला. कान दाखवून येऊ.